मांजराची नखे काढून टाकावीत का?

ओंजळ
नमस्कार. दीड महिन्यापूर्वी आमच्या घरी एक मांजर आले. सुमारे दोन वर्षांची भाटी आहे आणि रंगाने काळी असल्यामुळे तिचे नाव शाई ठेवले. स्वभावाने गरीब, लिटरच्या (शौचासाठीच्या खड्यांच्या) पेटीची सवय आधीपासूनची, खाण्याचे नखरे नाहीत. तक्रार एकच, ती म्हणजे नखांची. सोफ्याच्या डाव्या हाताचे कापड तिने उसवून आतला स्पंज बाहेर काढला आहे. तेवढे मी पोटात घातलेही असते, परंतु माझ्या वडिलांचे वय 79 आहे आणि त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. शाई त्यांच्या मांडीवरून खाली उडी मारते तेव्हा एखादा तरी ओरखडा उठतो, आणि इतरांचे जे रक्त दोन मिनिटांत थांबते ते त्यांचे बराच वेळ वाहत राहते.

परदेशात राहणाऱ्या एका नातेवाइकांनी सुचवले की मांजराची नखे शस्त्रक्रियेने कायमची काढून टाकता येतात, त्यांच्या शेजाऱ्यांनी तसे केले आहे आणि मांजर मजेत आहे. वडिलांना ही कल्पना पटली आहे. मला मात्र मनातून काहीतरी खटकते आहे, पण काय खटकते ते नेमके सांगता येत नाही. कुणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे. शाईला दुसरीकडे देण्याचा विचार नाही, हे आधीच स्पष्ट करते.

तिरकस
मी स्वतःची नखे दर रविवारी काढतो आणि पुढच्या रविवारपर्यंत ती पुन्हा हजर असतात. कायमची काढण्याची सोय मांजरांनाच का, असा एक तक्रारवजा प्रश्न नोंदवून ठेवतो.

खुरखूण
पशुवैद्यकीय व्यवसायात अनेक वर्षे काढली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तिरकस यांनी विनोद केला असला तरी सगळा घोटाळा नेमका त्याच शब्दात आहे. आपण मराठीत 'नखे काढणे' म्हणतो तेव्हा नेलकटर घेऊन बसणे एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि त्यामुळे ही शस्त्रक्रियाही त्याच जातीची, फक्त जरा पक्की, असे ऐकणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. माणसाचे नख बोटाच्या मांसावर टेकलेले असते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या पेरातल्या हाडातूनच वाढते, आणि ज्या पेशींपासून नख तयार होते त्या त्या हाडाच्या कडेला असतात. म्हणून नख पुन्हा येऊ नये असे वाटत असेल तर ते हाड, म्हणजे अख्खे शेवटचे पेर, सांध्यातून कापून काढावे लागते. पुढच्या दोन पंजांना मिळून दहा नखे असतात, म्हणजे दहा पेरे जातात. आपल्या हाताची बोटे नखाखालच्या सांध्यातून छाटली तर जे उरेल, ते डोळ्यांसमोर आणावे.

त्यात मांजर बोटांवर चालणारा प्राणी आहे. आपल्यासारखी टाच टेकून ते चालत नाही. पुढचे पेर गेले की वजन पेलण्याची जागा बदलते, मागचे पेर पंजाखालच्या मऊ गादीवर दाबले जाते, आणि त्या बदललेल्या चालीचा ताण पुढे खांदे आणि पाठीपर्यंत पोचतो. शस्त्रक्रियेत हाडाचा लहानसा तुकडा मागे राहिला तर तो टोचत राहतो, आणि त्याला त्या पेशी चिकटलेल्या असतील तर त्वचेखाली वेडेवाकडे नख पुन्हा वाढू लागते. हे तुकडे राहणे अपवादात्मक आहे असे समजू नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नखे काढलेल्या 137 मांजरांची तेवढ्याच धडधाकट मांजरांशी तुलना केली होती. नखे काढलेल्यांपैकी 63 टक्के मांजरांच्या पंजांत क्ष-किरण तपासणीत हाडाचे अवशेष दिसले. पाठदुखी, चावण्याची खोड आणि पेटीबाहेर घाण करणे या तिन्ही गोष्टी त्यांच्यात स्पष्टपणे जास्त होत्या.

आता ओंजळ यांना एक प्रश्न. ओरखडा मांडीवरून उडी मारताना उठतो, असे तुम्ही लिहिले आहे. मांजर उडी घेताना रेटा कोणत्या पायांनी देते, ते एकदा नीट पाहून सांगाल का?

ओंजळ
खुरखूण, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि वडिलांच्या मांडीवरचे जुने व्रण पाहिले. दोन ठिकाणी चार-चार ठिपके आहेत, शेजारी शेजारी, गुडघ्याच्या जरा वर. मग शाईचे पंजे मोजले. पुढे पाच नखे आहेत आणि मागे चार.

खुरखूण
तेच विचारायचे होते. उडीचा सगळा जोर मागच्या पायांचा असतो. जी शस्त्रक्रिया तुम्हाला सुचवली गेली ती बहुतेक वेळा फक्त पुढच्या पंजांवर करतात. मागची आठ नखे जागच्या जागी राहतात. म्हणजे दहा पेरे गमावूनही वडिलांच्या मांडीवरचे ओरखडे थांबले नसते.

तिरकस
आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

रोखठोक
सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या बहिणीकडे पुढच्या पंजांची नखे काढलेला बोका तेरा वर्षे होता. लंगडला नाही, चावला नाही, पेटी सोडून कुठे गेला नाही. आता ही शस्त्रक्रिया लेसरने होते आणि रक्तस्रावही फारसा होत नाही. शिवाय मूळ प्रश्न सोयीचा नसून एका वृद्ध माणसाच्या प्रकृतीचा आहे. घरातल्या माणसांना मांजर नकोसे होऊन ते रस्त्यावर जाण्यापेक्षा नखांशिवाय घरात राहिलेले बरे, असे मला वाटते. प्राण्यांवरच्या प्रेमाच्या भरात माणसांच्या अडचणी खोट्या ठरवू नयेत.

उंबरठा
रोखठोक यांचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु माझा अगदी उलट आहे. आम्ही प्राण्यांच्या आश्रयगृहातून एक पाच वर्षांची मांजरी आणली होती. तिची पुढची नखे आधीच्या घरी काढलेली होती. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की ती पेटीत शिरत नाही. ती पेटीच्या काठावर चारही पाय सावरून उभी राही, एक पुढचा पंजा खाली टेकवी, लिटरच्या खड्यांचा स्पर्श होताच तो उचलून पाणी झटकावे तसा झटके, आणि मग शेजारच्या पायपुसण्यावर जाऊन उरके. आम्ही तिला हट्टी समजलो आणि रागावलो. आज ते आठवले की लाज वाटते.

पुढे पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा उजव्या पंजाच्या दोन बोटांत हाडाचे तुकडे दिसले. दुसरी शस्त्रक्रिया करून ते काढावे लागले. पेटीत खड्यांऐवजी कागदाचे मऊ लिटर घातल्यावर ती हळूहळू आत जाऊ लागली, पण चावण्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. तिचाही दोष नव्हता. मांजर आधी पंजा उगारून इशारा देते, तेवढ्यावर भागले नाही तरच दात वापरते. आमच्या मांजरीजवळ तो इशाराच उरला नव्हता.

तुमच्या बहिणीच्या बोक्याबद्दल एवढेच म्हणेन की मांजर दुखणे लपवण्यात पटाईत असते. उंच उड्या मारणे कमी करणे, जास्त झोपणे, पंजाला हात लावू न देणे, या गोष्टी आपण 'आता वय झाले' म्हणून सोडून देतो.

खुरखूण
लेसरबद्दल. कार्बन डायऑक्साइड लेसर वापरल्यास पहिल्या काही दिवसांतला रक्तस्राव आणि वेदना कमी असतात, हे खरे आहे. परंतु लेसर हे कापण्याचे हत्यार झाले. जे कापायचे ते पेर तेच आणि सांधाही तोच. महिन्याभरानंतर त्या पंजात काय उरले, याच्याशी हत्याराचा संबंध नाही.

उंबरठा यांचे चावण्याबद्दलचे निरीक्षण वडिलांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, पण त्यावर माणसांच्या डॉक्टरांनी लिहिलेले बरे.

नाडीपरीक्षा
ओ म्हणतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला मांजराच्या ओरखड्यापेक्षा मांजराच्या चाव्याची भीती अधिक बाळगावी. ओरखडा बहुधा वरवरचा असतो, रक्त वाहताना दिसते, आपण स्वच्छ फडक्याने दाबून धरतो आणि काही वेळाने ते थांबते. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक आणि टोकदार असतात. वर दोन ठिपके दिसतात आणि जंतू मात्र खोलवर, हाताच्या बाबतीत कधी सांध्यापर्यंत किंवा स्नायुबंधापर्यंत पोचलेले असतात. अशी जखम पुढे चिघळण्याचे प्रमाण मोठे आहे. नखे काढून मांजर चावरे होण्याची शक्यता वाढणार असेल, तर हा व्यवहार तुमच्या वडिलांच्या तोट्याचा आहे.

ओरखड्यांतून होणारा म्हणून ज्या तापाचे नाव घेतले जाते, त्याचा जंतू बार्टोनेला हेन्सेले. तो मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो आणि पिसवांची विष्ठा नखांत अडकल्यामुळे ओरखड्यातून माणसात येतो. म्हणून उपाय पिसवांवर करायचा असतो. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांसाठीदेखील अमेरिकेतली आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वे नखे काढण्याची शिफारस करत नाहीत. पिसवांचे औषध नियमित द्या, नखे बोथट ठेवा, मस्तीखोर खेळ टाळा आणि ओरखडा उठल्यास साबण व वाहत्या पाण्याने लगेच धुवा, असा त्यांचा सूर असतो. शाईचे रेबीजचे लसीकरण झालेले नसेल तर ते आधी करावे. वडिलांच्या गोळीच्या मात्रेत मात्र मांजरासाठी कोणताही बदल परस्पर करू नये, हे सांगण्याची गरज नसावी.

एक साधा उपाय राहिलाच. मांडीवर जाड पांघरुणाची दुहेरी घडी ठेवावी आणि मांजराला बसायचे असेल तर तिच्यावरच बसू द्यावे.

सनदशीर
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण 'परदेशात सर्रास करतात' हे विधान अर्धवट आहे. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठीचा युरोपीय करार 13 नोव्हेंबर 1987 रोजी झाला. त्याच्या दहाव्या कलमात, कान-शेपटी कापणे आणि नखे वा दात काढणे या गोष्टी उपचाराव्यतिरिक्त निषिद्ध ठरवल्या आहेत. इंग्लंडमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार हा प्रकार अंगच्छेदात मोडतो. इस्रायलने 2011 मध्ये बंदी घातली. ही शस्त्रक्रिया जिथे खरोखर रुळली ती उत्तर अमेरिका, आणि तिथेही वारे फिरले आहे. वेस्ट हॉलीवूड या शहराने 2003 मध्ये सुरुवात केली, न्यूयॉर्क हे जुलै 2019 मध्ये बंदी घालणारे पहिले राज्य ठरले आणि 2022 मध्ये मेरीलँडने त्याचे अनुकरण केले. कॅनडात नोव्हा स्कोशिया आणि ब्रिटिश कोलंबिया हे प्रांत 2018 पासून या यादीत आहेत.

रोखठोक यांचा 'नाहीतर मांजर रस्त्यावर जाईल' हा मुद्दा या सर्व ठिकाणी कायदा होताना मांडला गेला होता. ब्रिटिश कोलंबियात बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या आश्रयगृहांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. सामानाची नासधूस करते म्हणून सोडून दिलेल्या मांजरांची संख्या त्यांत वाढलेली दिसली नाही.

रोखठोक
ही माहिती मला नव्हती, मान्य करतो. बहिणीच्या बोक्याबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही.

रुईफूल
पेर कापण्याऐवजी फक्त स्नायुबंध कापण्याची एक शस्त्रक्रिया असते, तिच्यात नख तसेच राहते पण मांजराला ते बाहेर काढता येत नाही, असे वाचले होते. ती सौम्य म्हणता येईल का?

खुरखूण
ऐकायला सौम्य वाटते. मांजराचे नख विश्रांतीच्या स्थितीत लवचीक बंधांमुळे आत ओढलेले असते आणि बोट वाकवणारा स्नायुबंध ताणला की बाहेर येते. या शस्त्रक्रियेत तो स्नायुबंध तोडतात. नखाची वाढ थांबत नाही, पण मांजराला ओरबाडून जुने आवरण गाळता येत नाही. परिणामी नख जाड होत जाते, गोल वळते आणि दुर्लक्ष झाल्यास स्वतःच्याच गादीत रुतते. म्हणजे मालकाला जन्मभर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नखे कापावी लागतात. कापायचीच असतील तर स्नायुबंध न तोडताही ती कापता येतात.

बोट कापावे लागण्याची खरी कारणे वेगळी असतात, जसे नखाच्या मुळाशी गाठ होणे, औषधांना दाद न देणारा संसर्ग किंवा चेंगरलेले बोट. तिथे आजार असलेले तेवढे बोट काढतात आणि त्याला कुणाचीही हरकत नसते.

तिरकस
अवांतर: माझ्या परिचयाच्या एका बोक्याला पुढच्या प्रत्येक पंजाला सहा बोटे आहेत. खुरखूण यांचा हिशेब त्याच्या घरी बारा पेरांचा होईल. सहा बोटांची मांजरे नशीबवान असतात असे खलाशी मानत, ते बहुधा अशा शस्त्रक्रियेपासून दूर समुद्रावर राहत असल्यामुळे असावे.

सुतारपक्षी
आता सोफ्याकडे वळू, कारण धाग्यात त्याचा स्पंज अजून बाहेरच आहे.

मांजर सोफा सूड म्हणून फाडत नाही. ओरबाडल्याने नखाचे बाहेरचे जुने आवरण गळते, झोपेतून उठल्यावर पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि तळव्यातल्या ग्रंथींचा गंध त्या जागी लागून 'इथे मी राहते' अशी पाटी लागते. या तिन्ही कामांसाठी सोफ्याचा हात उत्तम असतो. तो जड असतो, हलत नाही, मांजराच्या पूर्ण उंचीला पुरतो आणि घराच्या मधोमध असतो. आता आपण आणतो ते खांब आठवा. दीड फूट उंचीचे, टेकताच डुगडुगणारे आणि पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून कपाटामागे ठेवलेले. मांजराने सोफाच निवडला तर त्याचे काय चुकले?

मी स्वतः खांब तयार केला तेव्हा पहिला प्रयत्न फसला. खांब चांगला होता, पण पाट लहान पडला. मांजराने दोन पंजे लावून अंग ताणताच खांब तिच्यासकट आडवा झाला आणि त्यानंतर चार महिने तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्या वेळी तीन फुटांपेक्षा उंच लाकडी खांब घेतला, खाली दोन फूट रुंद जाड फळी स्क्रूने पक्की केली आणि त्यावर सायसलचा (घायपाताच्या धाग्याचा) दोर एकाला एक चिकटून, फट न ठेवता गुंडाळला. दोराची दोन्ही टोके खिळ्यांऐवजी लाकडात भोक पाडून आत कोंबावीत, म्हणजे दोर झिजल्यावर खिळा बाहेर येऊन पंजाला लागत नाही. काही मांजरांना उभ्यापेक्षा आडवे ओरबाडणे आवडते. त्यांच्यासाठी जमिनीवर पुठ्ठ्याची जाड पाटी किंवा काथ्याचे पायपुसणे पुरते. शाई सोफ्याचा हात उभ्याने फाडते, म्हणजे तिची आवड तिने सांगितलेलीच आहे.

खांब सोफ्याच्या फाटलेल्या हाताला अगदी खेटून ठेवावा. सोफ्याच्या त्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी, कारण पंजाला चिकट स्पर्श मांजराला अजिबात सहन होत नाही. खांब नियमित वापरात आला की रोज थोडा थोडा सरकवून हव्या त्या जागी न्यावा. मांजराचे पंजे धरून खांबावर घासून दाखवू नयेत. मी ते केले आहे, त्याने ती फक्त खांबाला आणि मला घाबरू लागली. आणि जुना, लोंबणारा, ओंगळ दिसणारा खांब फेकून नवा आणण्याची घाई करू नये. तो आपल्याला ओंगळ दिसतो, तिच्यासाठी ती स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी असते.

मध्यमा
सुतारपक्षी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पुरवणी एवढीच की सोफ्यावर पाहिल्यावर पाण्याचा फवारा मारू नये. मांजर सोफा सोडत नाही, फक्त आपण खोलीत नसताना ओरबाडायला शिकते. तसेच वासाने दूर ठेवण्यासाठी लिंबूवर्गीय किंवा इतर सुगंधी तेले शिंपडण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. अशी अनेक तेले मांजरांना विषारी असतात आणि पंजाला लागलेले तेल चाटण्यातून पोटात जाते.

रुईफूल
मी नखांवरच्या टोप्या वापरल्या आहेत, त्यांचा अनुभव लिहिते. या मऊ प्लॅस्टिकच्या असतात. आधी नख कापायचे, टोपीत गोंदाचा थेंब घालायचा, टोपी नखावर बसवायची आणि गोंद सुकेपर्यंत मांजराला धरून बसायचे. नखाचे आवरण गळते तेव्हा टोपीही गळते, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बसवावी लागते. वडिलांसारख्या कारणासाठी, विशेषतः मागच्या पंजांना, हा तात्पुरता उपाय म्हणून चांगला आहे. माप मात्र बरोबर हवे. घट्ट टोपीने नखाच्या मुळाशी दाब येतो. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला टोप्या लावू नयेत, कारण मग त्याला झाडावर चढून जीव वाचवता येत नाही. आमच्या बोक्याने पहिल्या रात्री पाच टोप्या चावून काढल्या आणि सकाळी माझ्या उशीजवळ आणून ठेवल्या. गुलाबी होत्या, कदाचित रंग पसंत पडला नसावा.

ओंजळ
सर्वांचे मनापासून आभार. शस्त्रक्रियेचा विषय घरात बंद झाला आहे. वडिलांना खुरखूण यांचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'पेर' हा शब्द आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिले आणि 'नको, नको' एवढेच म्हणाले. आता अडचण अशी की शाईची नखे कापायची कशी? तिचा पंजा हातात घेतला की ती तो मासळीसारखा सोडवून घेते.

खुरखूण
नखे कापण्याच्या आधीचे दोन आठवडे नेलकटर हातातही घेऊ नये. ती पेंगुळलेली असताना पंजावर फक्त बोट ठेवावे, लगेच तिचा आवडता खाऊ द्यावा आणि उठून जावे. दोन-तीन दिवसांनी पंजा हलकेच धरावा. मग अंगठा बोटाच्या वर आणि तर्जनी खालच्या गादीवर ठेवून अलगद दाबावे, म्हणजे नख आपोआप म्यानातून बाहेर येते. ते पाहावे आणि सोडून द्यावे. नेलकटरचा आवाज तिच्या कानांवर पडावा म्हणून शेजारी बसून शेवयांचा एखादा कोरडा तुकडा कापावा आणि त्यावरही खाऊ द्यावा.

प्रत्यक्ष कापताना नख उजेडासमोर धरावे. टोकाकडचा भाग काचेसारखा पारदर्शक आणि मुळाकडे आत एक गुलाबी त्रिकोण दिसतो. त्या त्रिकोणात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबावे. नुसता बाकदार काटा उडाला तरी काम झाले. पाते नखाच्या आडव्या बाजूंनी न दाबता वरून खाली चालावे, नाहीतर नख उभे चिरते. चुकून रक्त आलेच तर रक्त थांबवण्याची पूड किंवा मक्याचे पीठ त्यावर दाबून दोन-तीन मिनिटे धरावे आणि त्या दिवशी पुढचे नख घेऊ नये. एका बैठकीत अठराही नखे झालीच पाहिजेत असा कुठेही नियम नाही. दिवसाला एक झाले तरी दोन-तीन आठवड्यांत चक्र पूर्ण होते, आणि तोवर पहिल्या नखाची पाळी पुन्हा आलेली असते.

तुमच्या बाबतीत मागच्या पंजांपासून सुरुवात करावी.

तिरकस
म्हणजे नखे काढणे हे व्रत आहे, त्याला उद्यापन नाही.

ओंजळ
पाच आठवड्यांनी परत येते आहे, कारण धागा अर्धवट सोडणे बरे नव्हे.

सुतारपक्षी यांच्या मापाने खांब करून घेतला आणि सोफ्याला खेटून ठेवला. पहिले तीन दिवस शाईने त्याचा नुसता वास घेतला. चौथ्या दिवशी सकाळी ती झोपून उठली, सोफ्याच्या पट्टीला पंजा लावून झटकला आणि वळून खांबाला भिडली. खाली दोराच्या कडेला नखाच्या आकाराची, आतून पोकळ अशी दोन पांढुरकी टरफले पडलेली सापडली. नख तुटले असे वाटून मी घाबरले होते, मग लक्षात आले की हेच ते गळलेले आवरण. सोफ्याच्या हाताला वडिलांनी जुन्या चादरीचे ठिगळ स्वतः लावले आहे.

नखे कापण्यासाठी मी धरायचे आणि वडिलांनी खाऊ द्यायचा अशी वाटणी झाली आहे. त्यांनी एक छोटी वही केली असून त्यात तारीख, पंजा आणि बोट अशी नोंद ते ठेवतात. मांडीवर पांघरुणाची घडी असते. महिन्याभरात एक ओरखडा उठला, तोही वरवरचा. आजची नोंद 'पुढचा डावा, चार झाली' अशी आहे.

खुरखूण
फारच चांगले. पण चार का? पुढच्या पंजाला पाच असतात. आतल्या बाजूचा, जरा वर असलेला अंगठा बहुतेक सगळे विसरतात. तो जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि वळून मांसात रुततो तो पहिला तोच.

ओंजळ
काढला. म्हणजे, कापला. वडिलांनी वहीत दुरुस्ती केली आहे.